ॲबट विरुद्ध बर्क : गरीब शहरांच्या शाळा आणि आपण

(भीमजयंतीच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रथेप्रमाणे आम्हांस आरोग्यावर बोलावयास सांगितले होते. मधुमेह आणि रक्तदाब यांवर आम्ही या व्यासपीठावरून अनेकदा बोललो आहोत आणि प्रत्येक वेळी भाषण संपताच सभागृह जिलेबीकडे वळलेले पाहिले आहे. म्हणून यंदा विषय बदलून मागितला. विषय शाळांचा आहे, पैशाचा आहे आणि थोडा आपल्या बोलण्याचाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच काही कुटुंबांची वनसहल होती. घरपट्टीची बिले नुकतीच हाती पडली होती, त्यामुळे गप्पांचा ओघ तिकडे वळला. न्यू जर्सीची घरपट्टी अमेरिकेत सर्वांत जड समजली जाते, तेव्हा तक्रार असणे स्वाभाविक आहे. बोलता बोलता एक स्नेही म्हणाले, “आपण घाम गाळून कर भरायचा आणि सरकारने तो नेवार्क-कॅम्डेनच्या फुकट्यांच्या शाळांवर उधळायचा!” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आम्ही मान डोलावली नाही, परंतु बोललोही नाही. पुढ्यातले कणीस खात राहिलो. ते मौन मनाला लागून राहिले आणि आजचे भाषण ही त्याची उशिरा केलेली भरपाई आहे.

ते वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विदर्भातील एका खेड्यातून आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. जिल्हा परिषदेची शाळा, समाजकल्याण खात्याचे वसतिगृह आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती या तीन टेकूंवर आमचे शिक्षण उभे होते. शिष्यवृत्ती वर्ष संपता संपता हाती येई आणि तोवर खानावळीची उधारी वाढत जाई. जेवणाच्या पंगतीत आम्ही चौघे-पाच जण शिरलो की कुणीतरी हमखास म्हणे, “या, सरकारचे जावई आले!” इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या मंडळींपैकी हा शब्द ज्यांनी ऐकला नाही असे फार थोडे असतील. सासऱ्याच्या पैशावर जगणारा तो जावई. कर भरणारे आम्ही आणि खाणारे तुम्ही, असा त्याचा अर्थ. एडिसनच्या हिरवळीवर तोच अर्थ आपल्या माणसाच्या तोंडून निघाला, एवढेच.

आता मुळाशी जाऊ. या देशात शाळा चालविते ती गावाची शाळासमिती आणि तिचा मोठा आधार म्हणजे घरपट्टी. समजा, दोन गावे आहेत आणि दोहोंत प्रत्येकी एक हजार मुले आहेत. एका गावातील घरादारांची किंमत शंभर कोटी डॉलर, दुसऱ्यातील वीस कोटी. दोघांनीही शेकडा एक डॉलर घरपट्टी बसविली, तर पहिल्या गावाला मुलामागे दहा हजार डॉलर मिळतात, दुसऱ्याला दोन हजार. दुसऱ्या गावाने बरोबरी करावयाची म्हटली तर शेकडा पाच डॉलर आकारावे लागतील, म्हणजे गरिबाने श्रीमंताच्या पाचपट दराने कर द्यायचा. ज्यांना आपण फुकटे म्हणतो त्यांच्या गावांत करांचा दर अनेकदा उपनगरांपेक्षा अधिक असे, आणि तरीही त्यांच्या शाळांत छत गळत असे. त्यातच मोठ्या शहरांतील बरीचशी जमीन विद्यापीठे, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या आणि चर्च यांच्याकडे आहे आणि ती करमुक्त आहे. (आम्ही जिथे चाकरी करतो ते रुग्णालयही त्यांतलेच.) उपनगरातला माणूस तिथे येऊन पगार मिळवितो आणि घरपट्टी आपल्या गावी भरतो.

ही गावे गरीब आपोआप झाली नाहीत. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखविल्या. तिथे कर्ज देणे धोक्याचे, असा त्या रंगाचा अर्थ होता आणि नेवार्कच्या नकाशावर तो रंग मुबलक होता. महायुद्धानंतर गोऱ्या कुटुंबांना उपनगरांत घरे घेण्यासाठी सवलतीची कर्जे मिळाली. कृष्णवर्णीयांना बहुतेक ठिकाणी ती दारे बंद होती. पुढे कारखाने हलले आणि जुलै १९६७ मध्ये नेवार्क पेटले. त्यात २६ माणसे मेली. गावकुसाबाहेरची वस्ती कशी वसविली जाते हे आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही.

या राज्याच्या संविधानात १८७५ सालापासून एक कलम आहे. पाच ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी सर्वांगपूर्ण आणि कार्यक्षम अशी मोफत शाळांची व्यवस्था राखणे हे त्या कलमाने विधिमंडळाचे कर्तव्य ठरविले आहे. शब्द थोडे आहेत, परंतु त्यांच्या आधारे अर्ध्या शतकाहून अधिक काळ लढाई चालली. १९७० साली जर्सी सिटीतील केनेथ रॉबिन्सन नावाच्या विद्यार्थ्याच्या नावे पहिला दावा दाखल झाला. तो निकालात असतानाच, मार्च १९७३ मध्ये, टेक्सासमधील रॉड्रिग्ज खटल्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकले की, संघराज्याच्या संविधानात शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. गरीब शाळांसाठी दिल्लीचे दार बंद झाले, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९७३ रोजी, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या संविधानातील त्या कलमावर बोट ठेवून घरपट्टीवर विसंबलेली व्यवस्था बेकायदा ठरविली. विधिमंडळ पैसा उभा करीना, तेव्हा १ जुलै १९७६ पासून न्यायालयाने शाळांवरील खर्चच थांबविला. उन्हाळी वर्गांना टाळे लागले. आठवडाभरात राज्याचा पहिला आयकर मंजूर झाला. आपल्या पगारातून दर महिन्याला जो राज्याचा कर कापला जातो, त्याचा जन्म असा झाला.

तरीही दरी बुजली नाही. १९८१ साली कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटी येथील वीस मुलांच्या वतीने नवा दावा दाखल झाला. यादीत पहिले नाव रेमंड ॲबट या कॅम्डेनच्या बारा वर्षांच्या मुलाचे आणि समोर राज्याचे शिक्षण आयुक्त फ्रेड बर्क. म्हणून ‘ॲबट विरुद्ध बर्क’. मुलांच्या बाजूने मॅरिलिन मॉरह्यूजर या वकील बाई उभ्या राहिल्या. त्या पूर्वाश्रमीच्या ख्रिस्ती जोगीण. १९९५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हा खटला सोडला नाही. ५ जून १९९० रोजी सरन्यायाधीश रॉबर्ट विलेन्ट्झ यांनी निकाल दिला, तोवर रेमंडचे शाळेचे वय उलटून गेले होते. निकाल असा : गरीब शहरांतील मुलामागचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणावा आणि त्याखेरीज गरिबीने केलेली हानी भरून काढण्यासाठी जादा तरतूद करावी. ही दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. समान वाटा दिला की न्याय झाला, असे मानावयास ते न्यायालय तयार झाले नाही. जो मागे ठेवला गेला, त्याला अधिक द्यावे लागते. ज्या तत्त्वावर आपल्या विशेष सवलती उभ्या राहिल्या, त्याचेच हे सख्खे भावंड.

राजकारणात याची किंमत मोजावी लागली. गव्हर्नर जिम फ्लोरिओ यांनी १९९० साली २८० कोटी डॉलर्सची करवाढ केली. त्यात शौचालयाच्या कागदावरही विक्रीकर आला, तेव्हा लोक त्या कागदाची भेंडोळी घेऊन मोर्चाला आले! १९९३ च्या निवडणुकीत फ्लोरिओ हरले. पुढच्या सरकारांनी पैसा आखडला आणि न्यायालयाने पुन्हा पुन्हा फटकारले. १९९७ च्या निकालाने खर्चाची बरोबरी सक्तीची केली. १९९८ च्या निकालाने तीन आणि चार वर्षांच्या मुलांना उत्तम बालवाडी, पूर्ण दिवसाचा किंडरगार्टन आणि सुरक्षित इमारती देण्याचा आदेश दिला. अशा शहरांची संख्या पुढे ३१ झाली. एकाच खटल्यात वीसहून अधिक निकाल लागले. आपल्याकडचे दिवाणी दावे यापेक्षा फार वेगळे नसतात.

१९९८ चा निकाल लागला, त्या सुमारास आम्ही नेवार्कमधील एका रुग्णालयात बालरोगशास्त्राची रेसिडेन्सी करीत होतो. खरे सांगायचे तर निकालाची बातमी आमच्या वाचण्यातही आली नव्हती. आम्हांस ती कळली ती अर्जांवरून. वर्ष-दीड वर्षाने बाह्यरुग्ण विभागात आया एक कागद घेऊन येऊ लागल्या. बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलाची तपासणी, लसींची नोंद आणि डॉक्टरची सही हवी होती. आमच्या वरिष्ठ डॉक्टर बाई तीस वर्षे त्या विभागात होत्या. त्या म्हणाल्या, “तीन वर्षांचे धडधाकट मूल आईने स्वतःहून दवाखान्यात आणलेले या गावात मी प्रथमच पाहते आहे.” ताप, दमा किंवा अपघात झाल्याशिवाय त्या वयाचे मूल आमच्यापुढे येतच नसे.

त्या कागदामुळे काय काय सापडले! कानात पाणी साचून अर्धवट बहिरे झालेले मूल, ज्याला घरचे हट्टी म्हणत. तिसरे वर्ष संपूनही दोन शब्द जोडू न शकणारी मुलगी. जुन्या घरांच्या रंगाचे पोपडे तोंडात घालून रक्तात शिसे चढलेली मुले तर नित्याचीच. शिसे मेंदूला पोचविते ती हानी मागे फिरविता येत नाही. पण लवकर कळले तर मूल त्या घरातून हलविता येते. पूर्वी ही मुले थेट शाळेत जाऊन बसत आणि मास्तर त्यांच्या नावापुढे ‘मंद’ असे लिहून मोकळे होत. आता तिसऱ्या वर्षी शिक्षिकेच्या लक्षात येऊ लागले. या बालवाडीत एका वर्गात पंधराहून अधिक मुले बसवायची नाहीत, शिक्षिका पदवीधर आणि प्रमाणित हवी, सोबत मदतनीस हवी, असा नियम होता आणि आहे.

रटगर्स विद्यापीठातील संशोधकांनी या मुलांचा पाचव्या इयत्तेपर्यंत माग काढला. बालवाडीत न गेलेल्यांपैकी १९ टक्के मुलांना एखाद्या इयत्तेत पुन्हा बसावे लागले होते. गेलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के. विशेष शिक्षणाच्या वर्गात पाठवाव्या लागलेल्या मुलांचे प्रमाण १७ वरून १२ टक्क्यांवर आले. दोन वर्षे बालवाडीत गेलेल्यांना लाभ अधिक झाला. वैद्यकाच्या धंद्यात एखाद्या औषधाचा गुण सात-आठ वर्षे टिकला, तर आम्ही त्याचा गवगवा करतो.

सर्वच पैसा सत्कारणी लागला, असे सांगून आम्ही आपली दिशाभूल करणार नाही. इमारतींसाठी २००० साली ८६० कोटी डॉलर्सचा कायदा झाला आणि त्यांतील ६०० कोटी या गरीब शहरांसाठी होते. त्यासाठी जे महामंडळ नेमले, त्याने जमिनी खरेदीत आणि कंत्राटांत असा गोंधळ घातला की, पैसा संपला आणि बऱ्याच शाळा कागदावरच राहिल्या. २००७ साली ते महामंडळ मोडीत काढावे लागले. काही शाळासमित्यांत नातेवाइकांची भरती झाली हेही खरे. परंतु उपनगरात घोटाळा झाला तर आपण घोटाळेबाजाला नावे ठेवतो, आणि नेवार्कमध्ये झाला तर मुलांचा पैसा बंद करा म्हणतो. समाजकल्याण खात्यात काय कमी घोटाळे झाले? वसतिगृहाच्या डाळीतले पाणी आम्ही प्यालो आहोत. त्यावर वसतिगृहे बंद करणे हा उपाय आपण तरी मागितला नव्हता.

आणखी एक उणीव याहून खोल आहे. खटल्याने पैसा दिला, पण भिंत तशीच राहिली. या राज्याच्या १९४७ च्या संविधानाने वंशावरून शाळांत वेगळेपणा करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. तरीही मूल आपल्याच गावच्या शाळेत जाणार आणि गावे वंशानुसार विभागलेली, त्यामुळे शाळाही तशाच. ब्राउन खटल्याच्या निकालाच्या वर्षदिनी, १७ मे २०१८ रोजी, याविरुद्ध नवा दावा दाखल झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक ठिकाणी असा वेगळेपणा असल्याचे मान्य केले, परंतु संपूर्ण राज्यव्यवस्था दोषी ठरविण्यास ते राजी झाले नाहीत. वेगळ्या पाणवठ्यावर नळ चांगला बसवून दिला म्हणजे चवदार तळ्याचा प्रश्न सुटतो काय, हे आपणच ठरवावे. तोवर नळ मात्र हवाच, असे आमचे मत आहे. नेवार्कमध्ये तर हे अक्षरशः घडले. मार्च २०१६ मध्ये तेथील तीस शाळांचे पिण्याचे नळ शिशामुळे बंद करावे लागले होते.

पैसा कुणाचा, हा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच विचारले होते : महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, मग शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर का? बाबासाहेबांनी हडसन नदीपलीकडे कोलंबिया विद्यापीठात अभ्यासासाठी जो विषय निवडला, तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा. कोणत्या सरकारने कोणता पैसा गोळा करावा आणि कुठे खर्चावा याचा तो ग्रंथ आहे. तो १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. महाराजांच्या बडोदे सरकारने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली नसती तर, आयुष्मान हो, आज हे सभागृह भरले नसते. त्याच सरकारने १९०६ साली आपल्या मुलुखात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले होते.

१९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर भाषण केले. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्चते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी मांडला. पहिलीत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी दाखविले. वकिली आवेशापेक्षा जमाखर्चाचा आधार घेऊन ते बोलले. वनसहलीतल्या आमच्या स्नेह्यांनाही आम्ही जमाखर्चच विचारतो : आपल्यावर किती खर्च झाला आणि तो कुणाच्या करातून आला? आमचा हिशेब आम्ही एका रात्री मांडून पाहिला. सरकारी महाविद्यालयातील पाच वर्षे, वसतिगृह, पुस्तकपेढी. ज्यांच्या बिडीवर, रॉकेलवर आणि सिनेमाच्या तिकिटावर तो कर बसला होता त्यांतले बहुतेक जण आमच्याहून गरीब होते, आणि आम्ही त्यांच्या गावी दवाखाना न काढता विमानात बसलो. हे ऋण या जन्मी फिटण्यासारखे नाही.

आणि आता ज्या गोष्टीमुळे वनसहलीतला तो संवाद आम्हांस विशेष खटकला ती सांगतो. जर्सी सिटी हे ॲबट यादीतले शहर आहे. तिथली बालवाडी उत्पन्न न विचारता सर्वांना मोफत आहे. संगणकाच्या नोकरीवर आलेली आपली कितीतरी तरुण जोडपी प्रथम जर्सी सिटीतच उतरली. त्यांची मुले तीन-चार वर्षांची असताना त्याच बालवाडीत गेली. खासगी पाळणाघराचे हजारो डॉलर वाचले. त्या बचतीतून पुढे एडिसनला किंवा प्लेन्सबरोला घर झाले आणि मग घरपट्टीचे बिल आले. माना डोलावणाऱ्यांपैकी एका कुटुंबाच्या मुलाच्या अर्जावर सही आमची होती! त्यांना ते आठवत नसावे. आम्हांस आठवते, कारण त्या मुलाने आमचा स्टेथोस्कोप चावला होता.

सध्याची स्थिती थोडक्यात सांगतो. २००८ च्या कायद्याने पैसा शहरांच्या यादीवरून न देता मुलांच्या संख्येवरून देण्याचे सूत्र आणले. गरीब घरचे मूल आणि इंग्रजी न येणारे मूल, मग ते कोणत्याही गावचे असो, त्यात जादा वजनाने मोजले जाते. २००९ साली न्यायालयाने त्यास मान्यता दिली, पण सरकारनेच ते सूत्र पाळले नाही. २०११ साली न्यायालयाने ३१ शहरांना ५० कोटी डॉलर देण्यास फर्मावले. २०१८ च्या कायद्याने सात वर्षांत सूत्राची पूर्ण अंमलबजावणी करावयाचे ठरले. जर्सी सिटीत उंच इमारती झाल्या, मालमत्ता वाढली, म्हणून तिची मदत कोट्यवधी डॉलर्सनी कापली गेली; तिने शाळांसाठी पगारांवर वेगळा कर बसविला. श्रीमंत झालेल्या गावाने आपला भार उचलावा, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. कापण्याची गती जाचक होती, हेही मान्य आहे.

भाषणापूर्वी एका आयुष्मतींनी आम्हांस विचारले की, जर्सी सिटीची मदत घटली तर बालवाडी बंद होईल काय? त्या नुकत्याच भारतातून आल्या आहेत आणि मुलगी सप्टेंबरात तीन वर्षांची होईल. ताई, बालवाडीचे अनुदान या सूत्राबाहेर वेगळे मिळते, त्यामुळे घाबरू नका. नोंदणीसाठी मुलीचा जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद लागेल. भारतातील लसीकरणाचे कार्ड मराठीत असेल तर आम्ही इंग्रजीत उतरवून देऊ. रक्तातील शिशाची तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्या. इतर कुणाचेही अर्ज असतील तर जेवणानंतर दाराजवळच्या टेबलावर आणावेत. आम्ही शिक्का सोबत आणला आहे.

जयभीम.